शुगरवाल्या क्लायंटसाठी ट्रेनरने वेगळं शिकायला हवं का?

प्रश्न: मी जिम ट्रेनर आहे, इन्सुलिन घेणारे एक काका नवीन आलेत, सकाळी रिकाम्या पोटी कार्डिओ करतो म्हणतात. करू देऊ का?

प्रतिसाद १: नको रे! आधी शुगर तपासायला सांग, ९० च्या खाली असेल तर थोडं खाऊनच सुरुवात. आणि घाम, थरथर, बोलणं अडखळणं याला नुसतं दमलेत समजू नकोस, ७० च्या खाली गेली की व्यायाम बंद, शुद्धीत असतील तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी परत तपासणी.

प्रतिसाद २: गोळ्या कुठल्या तेही विचार. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर सहसा फार खाली पडत नाही, ग्लिमेपिराइडवर पडते, कधी कधी रात्री झोपेतसुद्धा.

प्रतिसाद ३: डोळ्यांचा पडदा तपासलाय का त्यांनी? रेटिनोपॅथी (शुगरमुळे पडद्याला झालेली इजा) असेल तर श्वास रोखून जड वजन उचलू देऊ नका, प्लीज.