शब्दचर्चा : भामटा, सराईत, ‘अटक दाखवली’

कराडकर

‘पोलिस असल्याची बतावणी करून भामट्यांनी वृद्धेचे दागिने लांबवले.’ सातारा-सांगलीच्या बातम्यांच्या पानावर हा मथळा सारखा दिसतो. गाव बदलतं, ऐवज बदलतो, शब्द तोच राहतो. या शब्दाबद्दल मला सगळ्यांचं मत हवं आहे. राज्य सरकारच्या यादीत ज्या १४ विमुक्त जाती आहेत, त्यांत ‘भामटा’ ही एक आणि ‘राजपूत भामटा’ ही दुसरी. म्हणजे या समाजातल्या मुलीच्या जातीच्या दाखल्यावर जो शब्द प्रांताधिकाऱ्याच्या शिक्क्यासह छापलेला असतो, तोच शब्द सकाळच्या पेपरात चोर या अर्थाने येतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मथळ्यात, बातमीत, पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात हा शब्द वापरू नये. आणि प्रश्न एवढ्या एका शब्दापुरता नाही. पोलिसी मराठीत असे बरेच शब्द आहेत ज्यांत संशय आधीच भरून ठेवलेला असतो. ते एकेक करून इथे मांडूया.

माणदेशी

कराडकर, तुमचा हेतू पटतो, पण आमच्याकडं दहिवडी-म्हसवड भागात भामटा म्हणजे फसवणारा, एवढंच. नातवानं खोटं सांगून खाऊ पळवला की आजी म्हणते, ‘लय भामटा झालायस.’ तिच्या मनात कुठली जात नसते. उद्या ठग म्हणू नका, पेंढारी म्हणू नका, असंही कुणी म्हणेल. मग भाषेत उरणार काय?

कराडकर

आजीच्या मनात जात नसते, हे मान्य. पण ठग आणि भामटा यांत मोठा फरक आहे. ‘ठग’ आज कुणाच्या दाखल्यावर नाही. ठग म्हटल्याने कुणाच्या पालावर रात्री पोलिसांची गाडी येत नाही.

हा फरक कुठून आला ते थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे शब्दाचा अर्थ कोशापेक्षा कायद्यानेच जास्त घडवला. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेकडे लागू होता. १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करता आला आणि १९२४ ला सगळ्या तरतुदी पुन्हा एकत्र बांधल्या. कायद्याचं सूत्र असं की, एखादी अख्खी जमात पद्धतशीरपणे गुन्हे करते असं सरकारला वाटलं की ती राजपत्रात जाहीर करायची. त्यानंतर जन्माला येणारं मूलसुद्धा त्या यादीतच जन्माला येतं. नावनोंदणी, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. १९११ च्या कायद्याने तर मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायचीही मुभा दिली होती.

आपल्या भागात हे ‘हजेरी’ या शब्दाने लक्षात राहिलं. आज हजेरी म्हणजे शाळेतलं पुस्तक किंवा रोजगार हमीचं मस्टर. शंभर वर्षांपूर्वी मांग, रामोशी, बेरड वस्तीत हजेरी म्हणजे चावडीवर जाऊन ‘मी गावातच आहे, चोरी करायला गेलेलो नाही’ हे सिद्ध करणं. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ ला महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. यात रामोशांचं मला विशेष वाटतं. गावाची आणि गडाची राखण हेच ज्यांचं काम, ज्यांच्यातले उमाजी नाईक इंग्रजांशी लढले आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फासावर गेले, त्याच समाजाला पुढे राखणदाराऐवजी संशयित म्हणून चावडीवर उभं राहावं लागलं.

ज्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं त्यांच्या वसाहतीला सरकारी शब्द होता ‘सेटलमेंट’. सोलापुरात तो भाग आजही याच नावाने ओळखतात. स्वातंत्र्य मिळाल्यावरही हे कुंपण लगेच निघालं नाही. केंद्राने कायदा रद्द केला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन, आणि म्हणून ‘विमुक्त जाती’. देश सुटला आणि यांना सुटायला आणखी पाच वर्षं लागली, ही गोष्ट त्या एका शब्दात आहे. तेव्हा माणदेशी दादा, आजीने नातवाला काय म्हणावं यावर माझं काही म्हणणं नाही. ज्या शब्दामागे पोलिसांची वही होती, तो पोलिसांच्या तोंडी आणि पेपरच्या मथळ्यात नको, एवढंच.

वाईकर

मी शिक्षिका आहे. भामटापेक्षा ‘पारधी’ या शब्दाबद्दल मला लिहायचं आहे. ऊसतोडीच्या हंगामात, किंवा कुणी गावाबाहेर पालं टाकून राहिले की त्यांची मुलं काही महिने शाळेत येतात. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की पहिल्यांदा मागे वळून त्यांच्याकडे बघितलं जातं. मुलांनी हे घरातून ऐकलेलं असतं : ‘पारधी उतरलेत, कोंबड्या सांभाळा.’ पारध म्हणजे शिकार. जंगलाचे आणि शिकारीचे कायदे आल्यावर त्यांचं काम गेलं, नाव तेवढं राहिलं. आणि बातमीत ‘पारधी टोळी’ असं छापतात. दुसऱ्या कुठल्या जातीच्या चार जणांनी दरोडा घातला तर त्या जातीचं नाव लावून ‘टोळी’ लिहिलेलं कुणाला आठवतं का? मला तरी आठवत नाही.

माणदेशी

ताई, हे मात्र खरं. मी हे असं कधी तपासून पाहिलं नव्हतं.

मिरजकर

मिरज-सांगलीच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. मराठी कागदपत्रं रोज हाताखालून जातात, म्हणून चार शब्द सांगतो.

पहिला ‘सराईत’. मूळ अर्थ चांगला : सराव झालेला, हात बसलेला. सराईत गवंडी, सराईत वादक. आता पेपरमध्ये सराईत म्हटलं की पुढे गुन्हेगारच येतो. १९५२ ला जुना कायदा गेला, पण १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर फरक मोठा आहे. जुन्या कायद्याला तुमची जात पुरत होती, नव्या कायद्यात कोर्टात वारंवार दोष सिद्ध होऊन शिक्षा झालेली असावी लागते. प्रत्यक्षात ज्याला एकदाही शिक्षा झालेली नाही, फक्त गुन्हे दाखल आहेत, तोही बातमीत ‘सराईत’ होतो. ते गुन्हे दाखल का झाले? तर तो ‘रेकॉर्डवरचा’ होता म्हणून. रेकॉर्डवर कसा आला? तर गुन्हे दाखल होते म्हणून. वर्षानुवर्षं माणसं या फेऱ्यात असतात.

दुसरा ‘उचलणे’. ‘पालावरून तिघांना उचललं.’ कायद्याच्या पुस्तकात हे क्रियापद नाही. तिथे अटक आहे, किंवा चौकशीसाठी नोटीस देऊन बोलावणं आहे. उचलणं या दोन्हींच्या मधली गोष्ट आहे, आणि तिची कुठे नोंद नसते.

तिसरा शब्दप्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : ‘अटक दाखवली’. पोलिस, वकील, पत्रकार, सगळे हे सहज बोलतात. ‘सोमवारी उचलला, बुधवारी अटक दाखवली.’ अटक ही करायची गोष्ट आहे, दाखवायची नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक केलेल्याला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. हे २४ तास दाखवलेल्या वेळेपासून मोजले की मधले दोन दिवस नाहीसे होतात, आणि जे काही होतं ते त्याच दोन दिवसांत होतं. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेचा मेमो करायचा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं. सातबारा, नोकरी, ओळखपाळख असलेल्या माणसाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी पाळलं जातं, कारण तासाभरात कुणीतरी ठाण्याच्या दारात उभं असतं. पालावरच्या माणसासाठी बायको येते, तिला बाहेर बसवून ठेवतात, आणि कधी कधी तिलाच विचारतात, ‘तुझ्या अंगावरचं हे डोरलं कुठून आणलंस?’

चौथा ‘कबुली’. ‘आरोपीने सात घरफोड्यांची कबुली दिली.’ पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. इंग्रजांनासुद्धा आपल्याच पोलिसांवर इतका भरवसा नव्हता. पण पेपरात ‘कबुली’ छापून आली की गावाच्या दृष्टीने खटला संपला. दोन वर्षांनी तो निर्दोष सुटतो, त्याची बातमी येत नाही.

वाईकर

वकीलसाहेब, जामिनाचं पण सांगा. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील जामीन मंजूर होऊनही आतच होते.

मिरजकर

ताई, जामीन मंजूर होणं वेगळं आणि जामिनावर सुटणं वेगळं. जामीनदार लागतो, आणि व्यवहारात तो सातबारावाला लागतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि ज्याचे सगळे नातेवाईक पालावर राहतात, त्याच्यासाठी आपला उतारा कोण देणार? चॅप्टर केसमध्येही हेच. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ११०, आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं १२९ : चांगल्या वर्तणुकीची हमी द्या. हमी घ्यायला जामीनदार मिळाला नाही की माणूस आत. गुन्हा केला म्हणून नव्हे, करेल या अंदाजावर.

माणदेशी

पण साहेब, चोऱ्या होतात हे पण खरं आहे ना? आमच्या भागात म्हातारी-कोतारी माणसं रानातल्या वस्तीवर एकटी असतात. त्यांनी भीती धरली तर त्यांना दोष कसा द्यायचा?

मिरजकर

त्यांना कुणी दोष देत नाही. ज्याने केलं त्याला पकडावं, आणि पुराव्याने पकडावं. चुकीच्या माणसाला धरलं तर वस्तीवरची म्हातारी सुरक्षित होत नाही, खरा चोर मोकळा राहतो. महाराष्ट्रातलाच २००३ चा खटला बघा. दरोडा, खून, बलात्कार, फार भयंकर गुन्हा होता. भटक्या जमातींतल्या सहा जणांना पकडलं. २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सुनावणी करून सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने गुन्ह्यानंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले दुसरेच चार जण ओळखले होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. १६ वर्षं तुरुंगात गेली, त्यांतला एकजण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. त्या बाईला न्याय मिळाला का? तिलाही नाहीच मिळाला.

कृष्णाकाठ

मी सांगलीत राहतो, भाषांतराची कामं करतो. अमेरिकेतल्या बातम्यांत ‘रेशियल प्रोफायलिंग’ येतं तेव्हा मराठीत ‘वर्णद्वेषी कारवाई’ लिहितात. इथल्या प्रकाराला तोच शब्द चालेल का?

कराडकर

मला तो तिथेही अपुरा वाटतो. न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. रस्त्यात थांबवून झडती घ्यायच्या पद्धतीत २००४ ते २०१२ या काळात सुमारे ४४ लाख वेळा लोकांना थांबवलं. त्यांत ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होते, आणि २०१३ ला तिथल्या संघीय न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. प्रत्येक पोलिसाच्या मनात द्वेष होता की नाही हे सिद्ध करत बसावं लागत नाही. रंग बघून संशय घेतला गेला, एवढं पुरतं. म्हणून तिथे ‘रंग बघून संशय’ आणि इथे ‘जात बघून संशय’ असं साधं लिहावं. ‘द्वेष’ म्हटलं की चर्चा एका अधिकाऱ्याच्या स्वभावावर जाते आणि ठाण्यातली जुनी वही तशीच राहते.

मिरजकर

त्या वहीबद्दल एक भर घालतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंग नियमावल्यांमधल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द केल्या. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त समाजातल्या माणसांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी पोलिसांनी घ्यावी, असंही म्हटलं. आणि ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्द नियमावलीत आला तर त्याचा अर्थ त्या त्या राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच घ्यायचा, असं स्पष्ट केलं. शब्दाच्या अर्थावरच निकाल दिलाय.

माणदेशी

बरं, मग मथळ्यात लिहायचं काय? आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकाला मी बातम्या देतो. जागा कमी असते. ‘अज्ञात इसमांनी’ लिहिलं की संपादक म्हणतात, सरकारी वाटतं.

कराडकर

दादा, मराठीत शब्द भरपूर आहेत. पोलिसाचं सोंग घेऊन लुबाडलं तर ‘तोतया पोलिस’. हा भामट्याइतकाच लहान आहे आणि नेमकं काय घडलं तेही सांगतो. वाचणारी आजी पुढच्या वेळी ओळखपत्र मागेल. फोनवर ओटीपी घेऊन पैसे काढले तर ‘गंडा घातला’, क्रियापदच पुरतं, कर्त्याची गरज नाही. सोनं उजळून देतो म्हणून पळवलं तर ‘लुबाडलं’. बसस्टँडवर पाकीट मारलं तर ‘पाकीटमार’. ठक, लबाड, लुच्चा हेही आहेत. यातला एकही कुणाच्या दाखल्यावर नाही.

वाईकर

आणि जातीचं नाव लावून ‘टोळी’ नको. चार जण असतील तर ‘चौघे’.

मिरजकर

‘सराईत’ लिहायचं असेल तर आधी विचारा, शिक्षा किती वेळा झाली? ठाण्यातून उत्तर आलं नाही तर ‘संशयित’ लिहा. ‘कबुली दिली’ ऐवजी ‘कबुली दिल्याचं पोलिसांनी सांगितलं’. आणि ‘अटक दाखवली’ असं कुणी बोललं तर त्याला ताब्यात कधी घेतलं ते विचारा आणि दोन्ही तारखा छापा.

माणदेशी

तोतया, चौघे आणि दोन तारखा, एवढं तर आमच्या साप्ताहिकात बसेल. बुधवारी अंक लागतो, संपादकांशी आजच बोलतो.