मदत हवी आहे: रतनगड ते हरिश्चंद्रगड, तीन दिवस – डास, गोचीड, पिसवा

डोंगरफाटा:
ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाच जणांचा बेत आहे. लोकलने कसारा, पुढे जीपने रतनवाडी. मग रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि खिरेश्वरला उतार. एक मुक्काम गुहेत, एक तंबूत. तीन शंका आहेत. नेहमीचं ओडोमॉस पुरेल का? कपड्यांवर पर्मेथ्रिन (कीटकनाशक) मारावं का? (घरी मांजर आहे.) आणि गुहेतल्या पिसवांचं काय करायचं?

कातळटोपी:
क्रीमपासून सुरुवात करू नका, कपड्यांपासून करा. अंगाला लावलेलं घामाबरोबर जातं, कापड जात नाही. घट्ट विणीच्या नायलॉनची फिकट रंगाची फुल पँट आणि पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट घ्या. घामाने अंगाला चिकटलेल्या पातळ टी-शर्टातून डास आरामात सोंड घालतो. फिकट रंग एवढ्यासाठी की गोचीड वर चढताना दिसते. पँट मोज्यांत, शर्ट पँटमध्ये. गोचीड उडत नाही की झाडावरून टपकत नाही. ती गवताच्या टोकाला पाय पसरून बसते आणि घासून जाणाऱ्याला धरते. म्हणून वाट सोडून गवतात बसकण मारू नका.

ओडोमॉस क्रीममध्ये डीट (डास दूर ठेवणारं रसायन) नसतं, १२ टक्के डायएथिल बेन्झामाइड असतं. घरात ते छान चालतं. पण ऑक्टोबर हीटमध्ये पाठीवर सॅक घेऊन चढताना पाकिटावरच्या तासांवर विसंबू नका, दर दोन तासांनी पुन्हा लावा. त्यापेक्षा २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन (तसंच दुसरं रसायन) मिळालं तर उत्तम. डीट प्लास्टिक विरघळवतं. घड्याळाची काच, चष्म्याची फ्रेम, मोबाइलचं कव्हर सगळं डागाळतं. पिकारिडिनचा हा त्रास नाही.

आधी सनस्क्रीन, ते मुरायला पंधरा-वीस मिनिटं, मग डासांचं औषध. दोन्ही एकत्र असलेली क्रीम टाळा. सनस्क्रीन सारखं लावावं लागतं, त्यात औषध उगाच जास्त अंगात मुरतं. चेहऱ्यासाठी तळहातावर घेऊन लावा, डोळे-ओठ सोडून. कपड्यांखाली झाकलेल्या त्वचेला लावायची गरज नाही.

सावलीतला_दगड:
मोज्यांबद्दल एक पुरवणी. धोबीतलावच्या खेळाच्या दुकानांतून फुटबॉलचे स्टॉकिंग्ज घेऊन पँटवर चढवतात, ती युक्ती पावसाळ्यात ठीक. ऑक्टोबरात गवत पिकलेलं असतं. तासाभरात त्यांचा कुसळांचा गोळा होतो आणि मग माणूस वैतागून ते काढून टाकतो. त्याऐवजी गुळगुळीत नायलॉनचे गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण) वापरा.

पर्मेथ्रिन तुमच्या बाबतीत नकोच. कपड्यांसाठी ०.५ टक्क्याचा फवारा असतो. तो अंगाला नव्हे, फक्त कापडाला मारून पूर्ण वाळवायचा. ओला असताना मांजरीला जीवघेणा ठरू शकतो आणि मासेही मरतात, त्यामुळे ओढ्यात कपडे धुणं आलंच नाही. केमिस्टकडची ५ टक्क्यांची क्रीम खरजेसाठी आहे, ती कपड्यांना फासू नका. शेतीचं औषध पातळ करून वापरण्याचा उद्योग तर मुळीच नको.

पिसवांचं म्हणाल तर गुहा 'रिकामी' असली म्हणजे स्वच्छ असते असं नाही. गुरं-शेळ्या बसून गेल्या की अंडी धुळीत पडतात, कोष तिथेच पडून राहतात. माणसाची ऊब आणि हालचाल जाणवली की पिसवा एकदम बाहेर येतात. लेंड्या असलेला कोपरा टाळा. खाली प्लास्टिक अंथरा आणि त्यावर तंबूचं आतलं जाळीचं आवरण उभं करा. उघड्या जमिनीवर स्लीपिंग बॅग पसरून ठेवू नका. कॉइल किंवा धुनी पेटवू नका. कड्यावर आग्या माशांची पोळी असतात आणि धूर त्यांना चालत नाही. अत्तर, बॉडी स्प्रेही घरीच ठेवा.

कातळटोपी:
धुराबद्दल सहमत. माशा उठल्याच तर हात हलवत उभे राहू नका, तोंड झाकून लांब पळा. नांगी नखाने काढा की चिमट्याने, फरक पडत नाही, पण लगेच काढा.

रोज संध्याकाळी एकमेकांचं अंग तपासा: काख, जांघ, गुडघ्यामागे, कमरपट्ट्याखाली, कानामागे. गोचीड सापडली तर त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढा. पिळू नका. तेल, रॉकेल, पेटती काडी यांनी ती आणखी थुंकते आणि जंतू आत जातात.

परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ट्रेकचं आवर्जून सांगा. त्या दिवसांत मुंबईत आधी डेंगी, मलेरिया, लेप्टो तपासतात. गवतातल्या चिगरच्या (माइट या बारीक किड्याच्या अळीच्या) चाव्याने स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. चावा दुखत नाही, पण तिथे सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली धरू शकते आणि ती बहुधा झाकल्या जागीच असते. शोधून दाखवा. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, मात्र गोळी डॉक्टरांनीच ठरवायची.

डोंगरफाटा:
आभार. पर्मेथ्रिन रद्द, गेटर पाच जोड्या. चिमटा कुठला घ्यायचा?

सावलीतला_दगड:
बारीक, टोकदार. भुवयांचा चपट्या टोकाचा नको, त्यात गोचिडीचं पोट चिरडतं.