मदत हवी आहे: क्विल्टचे ब्लॉक एका मापाचे होत नाहीयेत, बारसं १२ दिवसांवर

पिवळीबाहुली: बहिणीच्या बाळासाठी दुपटं करतेय. ताऱ्याचे ९ ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन), प्रत्येक साडेबारा इंच हवा, म्हणजे जोडल्यावर १२ राहील. पाच बरोबर आलेत, चार पावणेबारा भरतायत. लहानांच्या मापाने मोठे ट्रिम करायला घेतले तर ताऱ्याची टोकंच कापली जातात. एकाची कापली गेली, फार वाईट वाटलं. तुकडे सगळे एकाच दिवशी, एकाच पट्टीने, रोटरी कटरने कापलेत, तेव्हा "नीट माप घ्या" कृपया सांगू नका. ट्रिम करायची योग्य पद्धत तेवढी सांगा. व्हिडिओ बघायला वेळ नाही.

जुनीसाडी: ब्लॉक कशाला करत बसलीस? बाळाला आईची मऊ झालेली सुती साडी चार पदरी घालून धावदोऱ्याने शिवलेलं दुपटं लागतं. आमच्या आजीने अशी कितीतरी शिवली, पट्टी कधी हातात धरली नाही. कडेने सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्यात यायचं.

काटकोन: पिवळीबाहुली, काही गोष्टी सांग म्हणजे उत्तर देता येईल. तारा किती तुकड्यांचा आहे? एचएसटी, म्हणजे दोन त्रिकोण जोडून केलेले चौकोन, कशा केल्या, आणि त्या जोडण्याआधी ट्रिम केल्या का? माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) किती? मशीन कोणती?

हडसनकाठ: कापण्याआधी स्टार्च केलं होतंस का? मी न्यू जर्सीत असते, इथे आमच्या गटात स्टार्चशिवाय कोणी कापडाला कटर लावत नाही. आणि इस्त्री फिरवायची नाही, वरून दाबून उचलायची. वाफेची इस्त्री पुढे-मागे केली की चौकोनाचा पतंग झालाच. तुझं हेच झालंय बघ.

पिवळीबाहुली: पतंग झालेला नाही. चारी बाजू सारख्याच पावणेबारा आहेत. १६ तुकड्यांचा तारा, ८ साधे चौकोन साडेतीनचे आणि ८ एचएसटी. एचएसटी ४ इंची चौकोनांतून, कर्णाच्या दोन्ही बाजूंना टीप मारून मधे कापल्या. आधीच्या ब्लॉकांच्या ट्रिम केल्या, नंतरच्यांना ट्रिम करण्याइतकं काही उरलंच नाही म्हणून तशाच लावल्या. माया पाव इंच, अर्थात. मशीनच्या पायाच्या कडेला कापड लावून शिवते, सगळे तसंच करतात.

धांदोटी: फाउंडेशन पेपर पीसिंग कर. कागदावर शिवलं की टोकं चुकतच नाहीत. मी आता दुसरं काही करतच नाही.

काटकोन: थांबा जरा. "काही उरलंच नाही" यातच उत्तर आहे. ४ इंची चौकोनांतून, २ सुतांवर (८ सूत म्हणजे १ इंच) टीप मारून केलेली एचएसटी उघडल्यावर साडेतीन आणि वर एक सूत भरते. ते एक सूतच आपण ट्रिम करतो. तुझ्याकडे ते उरलं नाही म्हणजे टीप २ सुतांवर नाही, ३ सुतांवर बसलीय. नंतरचे चार ब्लॉक दुसऱ्या मशीनवर शिवलेस का?

पिवळीबाहुली: हो. पाच आईकडे, तिच्या जुन्या काळ्या मशीनवर. चार घरी, माझ्या झिगझॅगच्या मशीनवर. पण दोन्हीकडे पायाच्या कडेलाच लावलं होतं!

काटकोन: तेच. झिगझॅगचा पाय रुंद असतो. पट्टी घेऊन सुईपासून पायाच्या उजव्या कडेपर्यंत मोज. आता हिशेब बघ. एका ओळीत चार तुकडे, साडेतीन चोक १४. मधे तीन टिपा. प्रत्येक टीप दोन्ही तुकड्यांतून २-२ सूत खाते, म्हणजे तीन टिपांत दीड इंच, उरले साडेबारा. हीच टीप ३ सुतांवर गेली तर तीन टिपांत सव्वादोन इंच जातात, उरतात पावणेबारा. तुझं कापणं बिनचूक आहे, चूक टिपेत आहे.

पिवळीबाहुली: मोजलं. आईला फोन करून तिलाही मोजायला लावलं. तिच्याकडे २ सूत, माझ्याकडे ३. आता काय करू?

टाचणी_डबी: उसव. चारही उसवून २ सुतांवर शिव. दुसरा प्रामाणिक उपाय नाही.

हडसनकाठ: एका ब्लॉकमध्ये १५ टिपा, चार ब्लॉकांत ६०. उसवताना उरेब (तिरपी कापलेली) कड ताणली जाईल आणि आहे तेही जाईल.

टाचणी_डबी: उरेब फक्त एचएसटीच्या मधल्या टिपेत आहे, ती उसवायचीच नाही. बाहेरच्या कडा उभ्या-आडव्या धाग्यावरच आहेत. ब्लॉक अर्ध्या सुताने कमी येईल, तेवढं जोडताना सांभाळता येतं.

काटकोन: टाचणी_डबीचं गणित बरोबर आहे, पण ६० टिपा आणि १२ दिवस. मी ब्लॉकांभोवती कापडाची पट्टी लावेन. ताऱ्यामागच्या तळाचं कापड उरलंय का?

पिवळीबाहुली: मोतिया रंगाचं, दीड मीटर.

काटकोन: पाऊण मीटरमध्ये होईल. नऊही ब्लॉकांना चारी बाजूंनी २ इंची पट्टी लाव, फक्त लहानांना नाही. मग सगळे साडेतेराला ट्रिम कर. मोठ्या ताऱ्याभोवती ४ सूत मोतिया दिसेल, लहानाभोवती ७ सूत. तळ आणि पट्टी एकाच कापडाची असल्याने तारे तरंगल्यासारखे दिसतात, कोणी मोजायला बसत नाही. टोकं कापलेला ब्लॉक मात्र नवा कर.

ट्रिम करताना कडेवरून माप घ्यायचं नाही, मध्यावरून घ्यायचं. कडक पारदर्शक प्लास्टिकचा साडेतेराचा चौकोन काप, त्यावर पावणेसातला उभी-आडवी फुली काढ. फुली ताऱ्याच्या मधल्या चार टिपांवर तंतोतंत बसव, बोटं पसरून दाब, कडेला मोठी पट्टी लावून उजवी आणि वरची बाजू काप. मग ब्लॉक अर्धा फिरवून उरलेल्या दोन. शेवटी दोन्ही कर्ण मोज. १९ इंच आणि जेमतेम एक सूत, दोन्ही सारखे.

त्याआधी मशीनच्या प्लेटवर सुईपासून २ सुतांवर मास्किंग टेप चिकटव, कापडाच्या दीड इंची तीन पट्ट्या जोडून बघ. मधली बरोबर १ इंच आली तरच पुढे जा.

नवशिकी: रोटरी कटर घ्यावाच लागतो का? कात्रीने नाही होत?

टाचणी_डबी: होतं. ओल्फाने रोटरी कटर १९७९ मध्ये आणला, त्याआधीचे क्विल्ट कात्रीनेच झालेत. हात मात्र बसावा लागतो.

जुनीसाडी: सिद्दी बायकांच्या कवंद्या, म्हणजे गोधड्या, बघा, उत्तर कन्नडातल्या. त्याही कडेने सुरू होऊन मध्यात संपतात. ब्लॉक नाही, ट्रिमिंग नाही, आणि डोळे निवतात.

हडसनकाठ: बाहुली, आत सुती वॅडिंग (दोन थरांमधलं भरण) घाल. पॉलिएस्टरने बाळाला घाम येतो.

पिवळीबाहुली: वॅडिंग घेऊन झालंय, सुतीच आहे. टेप लावली, पहिल्या वेळी मधली पट्टी एका दोऱ्याने कमी आली, टेप थोडी आत सरकवल्यावर बरोबर १ इंच. दोन ब्लॉक झाले, एक आईकडचा आणि एक माझा. दोघांचेही कर्ण सारखे आलेत. आई शेजारी बसून पट्ट्यांना इस्त्री करतेय, न फिरवता, दाबून. टोकं कापलेला ब्लॉक ती तिच्या मशीनवर करून आणणार आहे.