वझिरिस्तानातून फौज काढली, कायदा तसाच ठेवला

पैलतीर:

१९४७चा डिसेंबर. पाकिस्तान जन्मून चार महिने झालेले. पंजाबातून निर्वासितांचे लोंढे येत होते, काश्मिरात लढाई पेटली होती, तिजोरीत खडखडाट होता. त्याच महिन्यात अफगाण सरहद्दीवरच्या वझिरिस्तानच्या डोंगरांतून नियमित फौज खाली मैदानात उतरली. रझमकची छावणी रिकामी झाली. इंग्रजांनी १९२०च्या दशकात सुमारे साडेसहा हजार फुटांवर वसवलेली ही छावणी म्हणजे काटेरी तारांच्या आतलं एक शहरच होतं, 'छोटं लंडन' म्हणत तिला. वाना छावणीतूनही सैन्य निघालं. मोहिमेला नाव दिलं 'ऑपरेशन कर्झन'. ते नाव नेमकं होतं, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झननेही हेच केलं होतं: पलटणी मागे घेतल्या आणि पहारा टोळ्यांमधून भरती केलेल्या मिलिशियाकडे दिला.

माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. इंग्रजांविरुद्ध लढणारा इपीचा फकीर, म्हणजे मिर्झा अली खान, याला धरायला १९३७ साली इंग्रजांनी सुमारे ४०,००० सैनिक या डोंगरांत घातले होते. विमानांतून बाँब टाकले. फकीर सापडला नाही. ज्या डोंगरात एवढं साम्राज्य थकलं, तिथे अर्ध्या तुटलेल्या लष्कराने काय करायचं होतं? १७ एप्रिल १९४८ला पेशावरच्या जिरग्यात (टोळ्यांच्या सभेत) जिनांनी टोळीप्रमुखांना सांगितलं की तुमच्या अंतर्गत स्वातंत्र्यात ढवळाढवळ करायची आमची इच्छा नाही, वझिरिस्तानातून फौज काढली ती याचसाठी. भत्तेही चालू ठेवायचं कबूल केलं.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. फौज उतरली, पण १९०१चं 'फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन' वरच राहिलं. एकाने गुन्हा केला की त्याच्या सगळ्या भाऊबंदांना धरायचं, घरं पाडायची, बाजार बंद करायचा. पोलिटिकल एजंट हाच कलेक्टर, तोच न्यायाधीश. तिथले लोक तीन शब्दांत सांगतात: ना वकील, ना दलील, ना अपील. प्रौढ मतदान मिळालं १९९६ साली, तोवर मत फक्त सरकारने मानलेल्या मलिकांना, म्हणजे टोळीप्रमुखांना. भाऊ म्हणून मिठी मारली आणि पन्नास वर्षं नागरिक मानलं नाही. वझिरिस्तानचं पुढे जे झालं त्याचं मूळ मला माघारीत दिसत नाही, या कायद्यात दिसतं. तुम्हाला काय वाटतं?

तटबंदी:

पैलतीर, लेख मनापासून लिहिलाय, पण पाया मला पटत नाही. मी आयुष्य गणवेशात काढलं, त्यातली बरीच वर्षं ईशान्येत. सैन्य एखादी चौकी का सोडतं ते मला ठाऊक आहे.

वझिरिस्तान सोडलं ते नाइलाजाने. फाळणीत लष्कराचे तुकडे झाले, पाकिस्तानच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश आलं. पलटणी मिश्र होत्या. शीख, डोग्रा, गुरखा कंपन्या निघून गेल्यावर सरहद्दीवरच्या ब्रिगेडमध्ये उरलं किती? उरलेल्या जवानांची गरज पंजाबच्या सीमेवर होती. मग त्या नाइलाजाला बंधुभावाचं नाव दिलं. राजकारणी माणसाने ते करणं मी समजू शकतो. पण पंचाहत्तर वर्षांनी आपण त्याला तत्त्व म्हणू नये.

आणि सोडलेला डोंगर परत घ्यायला काय किंमत पडते तेही बघा. २००४ मध्ये दक्षिण वझिरिस्तानात कारवाई, मग अतिरेक्यांशी शकईचा करार, २००५ला सरारोघाचा, २००६ला मिरानशाहचा. एकही टिकला नाही. २००७च्या डिसेंबरात तेहरीक-ए-तालिबान पाकिस्तान उभी राहिली. मग लष्करी मोहिमा: २००९ला 'राह-ए-निजात', २०१४ला 'झर्ब-ए-अज्ब', आणि त्यात उत्तर वझिरिस्तानातले लाखो लोक घरं सोडून बन्नूकडे निघाले. चौक्या राहिल्या असत्या, रस्ते राहिले असते, तर एवढं झालं नसतं.

माणदेशी:

तटबंदीसाहेब, वयाने तुम्ही मोठे असाल, म्हणून नमस्कार करून विरोध नोंदवतो.

माझे पणजोबा १९३८च्या सुमारास रझमकला होते, खेचरांच्या तुकडीत. आमच्या भागातून त्या काळी घरटी एक माणूस पलटणीत असायचा. त्यांचं पदक अजून आजीच्या ट्रंकेत आहे, त्यावर 'नॉर्थ वेस्ट फ्रंटियर १९३७-३९' अशी पट्टी आहे. आजी त्यांच्याकडून ऐकलेलं सांगायची ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. रस्ता रोज चालू नसायचा. ज्या दिवशी 'रोड ओपन' असेल त्या दिवशी पहाटे पलटणी निघायच्या, दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर चढून पिकेट (पहारे) लावायच्या, मग खालून रसदीच्या लॉऱ्या जायच्या. दिवस कलला की सगळे पळत माघारी, आणि सगळ्यात शेवटी टेकडी सोडणाऱ्यावर गोळी यायची. पीठ, तेल आणि टपाल वर न्यायला हजारो माणसं. एप्रिल १९३७ मध्ये शहूर तंगीच्या खिंडीत असाच ताफा महसूद टोळीवाल्यांनी कापला होता, ते पणजोबा जायच्या आधीच तिथे पोहोचलेल्या गावच्या माणसांनी पाहिलं होतं.

तुम्ही म्हणता चौक्या आणि रस्ते राहिले असते तर. ते सगळं होतंच की तेव्हा. पंचवीस वर्षं होतं. फौज फक्त स्वतःला पोसायला आणि स्वतःचा रस्ता राखायला तिथे बसली होती. पणजोबा म्हणायचे, आम्ही त्यांच्या दारात बसलो होतो म्हणून ते गोळ्या घालत होते.

ओंजळ:

दोघांनाही थोडं अडवते. 'जिनांनी माघार घेतली' हे वाक्यच अपुरं आहे.

कल्पना जिनांची नव्हती. दुसरं महायुद्ध संपत असताना जनरल फ्रान्सिस टकर यांच्या समितीने टोळी-प्रदेशातून नियमित फौज काढावी आणि काम स्काउट्सवर, म्हणजे टोळ्यांमधून भरलेल्या मिलिशियावर, सोपवावं असं सुचवलं होतं. ऑक्टोबर १९४६ मध्ये हंगामी सरकारातले नेहरू तिथे गेले, टोळ्यांवर बाँब टाकण्याचं धोरण त्यांनाही मान्य नव्हतं. वझिरिस्तानात आणि मलाकंदला टोळ्यांनी त्यांना विरोधच केला, तो भाग वेगळा. म्हणजे ऑगस्ट १९४७ला सत्तेवर कुणीही असतं तरी हा निर्णय पुढे आलाच असता.

दुसरं, पूर्ण माघार झालीच नाही. मिरानशाहला तोची स्काउट्स राहिले, दक्षिणेत साउथ वझिरिस्तान स्काउट्स राहिले. खासादार, म्हणजे टोळ्यांतले पोलीस, राहिले. डिसेंबरमध्ये फौज उतरताना वरून पाकिस्तानी हवाई दलाची विमानं होती, आणि पुढे फकिराच्या लोकांवर बाँबही पडले. जून १९४९ मध्ये एक हल्ला मुघलगईत, अफगाण हद्दीत झाला, त्यावरून काबूलने एवढा गहजब केला की तिथल्या लोया जिरग्याने (महासभेने) ड्युरंड रेषेचे, म्हणजे दोन देशांमधल्या सीमेचे, करारच नाकारले. ढवळाढवळ करणार नाही म्हणून दीड वर्षही झालं नव्हतं. पैलतीर, तुमच्या 'बरोबर निर्णया'त हे बसवा.

शिवाय काश्मीर. २२ ऑक्टोबर १९४७ला काश्मीर घ्यायला मुझफ्फराबादेत शिरलेल्या टोळीवाल्यांत महसूद होते, वझीर होते, आफ्रिदी होते. ज्यांना आघाडीवर पाठवायचं त्यांच्याच गावांवर तोफा रोखून ठेवता येत नाहीत. त्यांनी लुटलेल्या काश्मिरातल्या बारामुल्लाच्या लोकांनी जे भोगलं ते या 'बंधुभावा'च्या हिशेबात धरायलाच हवं.

पैलतीर:

ओंजळ, बारामुल्लाबद्दल पूर्ण मान्य. मुघलगई मी लिहायला हवं होतं, नाही लिहिलं ही उणीव.

तटबंदीसाहेब, नाइलाज होता हेही मान्य. पण नाइलाजाने घेतलेला निर्णय चुकीचाच असतो असं नाही. तुमच्या यादीत १९४७ नंतरची पहिली तारीख २००४ आहे. मधली पन्नासहून अधिक वर्षं कुठे गेली? १९६०-६१ला बाजौरमध्ये अफगाण घुसखोरी झाली, अधूनमधून चकमकी झाल्या, फकीर गुरवेकच्या गुहांत राहून पख्तुनिस्तान, म्हणजे पश्तूनांचा वेगळा देश, मागत राहिला. पण १९६० साली तो वारला तो आजारपणात, अंथरुणावर, आणि त्याच्यामागे वणवा पेटला नाही. मिरानशाह बदललं ते १९७९ नंतर, जेव्हा अफगाण युद्धासाठी पैसा, बंदुका आणि बाहेरचे लढवय्ये तिथे ओतले गेले. ते टोळ्यांनी बोलावलं नव्हतं. इस्लामाबादने आणलं, आणि आणता आलं कारण तिथे विचारणारं न्यायालय नव्हतं, वर्तमानपत्र नव्हतं, निवडून आलेला आमदार नव्हता.

तटबंदी:

ही तुमची सर्वांत मजबूत बाजू आहे, आणि त्यातच विरोधाभास आहे. एकीकडे म्हणता ढवळाढवळ न करण्याचं वचन योग्य होतं. दुसरीकडे म्हणता १९०१चा कायदा काढून न्यायालय, पोलीस, निवडणूक न्यायला हवी होती. साहेब, न्यायालय नेणं म्हणजेच ढवळाढवळ. समन्स बजावायला कोण जाणार? जो पोलीस जाईल त्याला संरक्षण कोण देणार? शेवटी फौजच. १९४८ मध्ये कुठल्याही महसूद मलिकाला विचारलं असतं की तुला हायकोर्ट हवं का, तर तो म्हणाला असता माझा रिवाज मला पुरे. २०१८ मध्ये हा टोळी-प्रदेश खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला त्या वेळीसुद्धा मौलाना फजलुर रहमान आणि महमूद खान अचकझई हे तिथले नेते विरोधात होतेच.

मी ईशान्येत पाहिलंय. स्वायत्तता हवी, आणि राज्याची सगळी सुखंही हवीत, हे एकत्र बसवायला पिढ्या जातात. आपल्याकडे सहावी अनुसूची आहे, स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत, आणि तरी लष्कराला जादा अधिकार देणारा १९५८चा विशेषाधिकार कायदा करावा लागलाच.

रानजाई:

तटबंदी काका, मी वकील आहे आणि माझी बरीचशी प्रकरणं आदिवासी तालुक्यांतली असतात, म्हणून 'रिवाज' या शब्दाशी थांबते.

त्या रेग्युलेशनमधला जिरगा टोळीचा नव्हता. त्यातली माणसं पोलिटिकल एजंट निवडायचा, प्रश्न तो ठरवायचा, आणि निकाल पटला नाही तर परत पाठवायचा. टोळीचा खरा जिरगा म्हणजे सगळ्यांनी गोल बसून एकमत होईपर्यंत बोलत राहायचं. सरकारी जिरग्याला रिवाज म्हणणं ही त्या लोकांवर दुहेरी जुलूम करणारी गोष्ट आहे, कारण शिक्षा सरकारची आणि बदनामी परंपरेची. मलिकाला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, खरं आहे. त्याचा भत्ता, त्याला मिळणारा 'लुंगी' नावाचा मान, त्याचं एकट्याचं मत, सगळं एजंटच्या मर्जीवर होतं. विचारायचं होतं ज्याच्या चुलतभावाने गुन्हा केला म्हणून तुरुंगात पडलेल्या माणसाला. सामूहिक शिक्षेतून बायका, सोळा वर्षांखालची मुलं आणि पासष्टीपुढचे म्हातारे वगळायला २०११ साल उजाडलं. म्हणजे स्वातंत्र्यानंतर चौसष्ट वर्षं लहान मुलाला काकाच्या गुन्ह्यासाठी धरता येत होतं. १९७३च्या राज्यघटनेतही कलम २४७ने सर्वोच्च न्यायालयाचा हात तिथे पोहोचू दिला नाही. यातलं काहीच रिवाजाने मागितलं नव्हतं.

समन्स बजावायला फौज लागली असती असं तुम्ही म्हणता. अहो, एजंटला घर पाडायला खासादार पुरत होते ना? तेवढ्याच खासादारांनी समन्सही बजावलं असतं.

पैलतीरशीही मी भांडणार आहे. कायदा गेला की सगळं सुटतं असं तुमच्या लिखाणातून वाटतं. मे २०१८ मध्ये पंचविसाव्या घटनादुरुस्तीने हा सगळा प्रदेश खैबर पख्तुनख्वात आला, रेग्युलेशन गेलं. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत कराचीत नकीबुल्ला महसूद पोलिसांच्या गोळीने मारला गेला, आणि त्यातून पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट ही पश्तूनांच्या हक्कांची चळवळ उभी राहिली. तिच्या मागण्या वाचा: शेतांतले सुरुंग काढा, नाक्यांवर अपमान थांबवा, उचलून नेलेली माणसं कोर्टात उभी करा. कागदावर नागरिक झालेल्यांच्या मागण्या आहेत या. फौज परत आली तेव्हा मूठभर चौक्यांपुरती आली नाही, घराघरात आली. १९४७ला उतरलेली फौज आणि आज बसलेली फौज यांच्यातला फरक तिथल्या आईला विचारा.

तटबंदी:

रानजाई, जिरग्याबद्दल तुम्ही सांगितलंत ते मला इतक्या तपशिलात माहीत नव्हतं. ते मान्य करतो, आणि मलिकांचं उदाहरण मागे घेतो.

पण फौजेबद्दल एक सांगू द्या. जून २००९ मध्ये रझमकच्या कॅडेट कॉलेजची मुलं सुट्टीसाठी बसमधून बन्नूकडे निघाली होती, तालिबानने ती मुलं पळवली. त्यातल्या बऱ्याच जणांना सोडवलं कुणी? सैन्यानेच. त्या मुलांच्या आयांनाही विचारायला हवं. नाक्यावरच्या जवानाचा उर्मटपणा मी कधीच पाठीशी घातला नाही, माझ्या हाताखालच्यांना त्यासाठी शिक्षाही केली आहे. तरी त्या दिवशी तिथे कुणीच नसतं तर, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

माणदेशी:

साहेब, ती मुलं सोडवली हे चांगलंच झालं, त्यावर वाद नाही.

रझमकला १९७८ पासून कॉलेज आहे हे मला माहीत होतं. आजीला सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना. तिच्या वडिलांनी त्या डोंगराचं एकच वर्णन तिला केलं होतं: थंडीत खेचरांच्या नाकपुड्यांवर बर्फ जमायचा, आणि रात्री दिवा लावायची मनाई. तिथे पोरं शाळेचा गणवेश घालून वर्गात बसतात म्हटल्यावर ती गप्प बसली, मग म्हणाली, "त्यांच्याच गावची पोरं आहेत ना पण?"

मी हो म्हणालो. पण किती वझीर आणि महसूद मुलांना तिथे जागा मिळते ते मला सांगता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा, मी तिला वाचून दाखवीन.