पहिली सही कुणाची?

'लहान देशांच्या ठरावाला कुत्रं विचारत नाही' असं कुणीतरी लिहिलंय, ते निम्मंच पटतं. आइसलँड बघा. तेव्हा लोकसंख्या अडीच लाख, म्हणजे आमच्या बडोद्यातले काही मोहल्ले. पदरी सैन्यसुद्धा नाही. जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत रणगाडे सोव्हिएत संघातून फुटू पाहणाऱ्या लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसमध्ये घुसले, माणसं चिरडली गेली. लगोलग आइसलँडचे परराष्ट्रमंत्री योन बाल्डविन हानिबालसन स्वतः तिथे जाऊन आले. फेब्रुवारीत त्यांच्या संसदेने स्वतंत्र देश म्हणून लिथुआनियाला पूर्वी दिलेली मान्यता कायम असल्याचा ठराव केला. मॉस्को खवळलं, आणि मासळीचं मोठं गिऱ्हाईक तेच! अमेरिकेने लिथुआनियाचं सोव्हिएत संघातलं विलीनीकरण कधीच मानलं नव्हतं, पण राजनैतिक संबंध सुरू केले ते थेट सप्टेंबरात. विल्नियसमध्ये आज आइसलँडच्या नावाचा रस्ता आहे.

दांडिया बाजारातला आमचा वाडा पाडायचं चाललं होतं तेव्हाची गोष्ट. विरोधाचा अर्ज आठवडाभर घरोघर फिरला, जो तो 'बघू, भाऊंना विचारतो' म्हणे. शेवटी जिन्याखालच्या शिंपीकाकांनी कानामागची पेन्सिल काढून सही ठोकली. पेन्सिलची सही चालत नाही म्हणून मग पेन आणायला पळापळ. संध्याकाळपर्यंत अकरा सह्या. भाऊंची बारावी.