मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, क्रीडा पत्रकारिता शिकायची आहे. वाट कुठून धरू?

पलूसचा वाइंडर

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, पण जाणकारांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातला, वय 29. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं, मग एका वस्तादाच्या हाताखाली मोटर रिवाइंडिंग शिकलो आणि आता स्वतःचं दुकान आहे. आमच्याकडं ऊस काय, द्राक्षं काय, सगळं विहिरीवर नाहीतर बोअरवर. रात्री एक फेज गेला तरी मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते आणि कॉइल काळी पडते. सकाळी शेतकरी मोटर छोट्या हत्तीत (टेम्पोत) टाकून दारात उभा. जुनी तार काढायच्या आधी मी सगळं वहीत उतरवून घेतो: स्लॉट किती, टर्न किती, तारेचा गेज, पिच, कनेक्शन. मग स्लॉटला पेपर, नवीन कॉइल, वार्निश, सुकवणं, शेवटी मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) तपासणी. हात बसलाय, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. धंदा बुडालाय म्हणून मी दुसरीकडं बघत नाही, हे आधीच सांगतो.

गावच्या यात्रेला कुस्तीचं मैदान भरतं. तिथं लाइट आणि स्पीकर जोडायला जायचो. एका वर्षी निवेदक वेळेवर पोचले नाहीत आणि पंच कमिटीनं माइक माझ्या हातात दिला. लहानपणी तालमीत होतो, त्यामुळं डाव ओळखू येतात. कुणी पट काढला (म्हणजे पाय धरून ओढला), कुणी ताबा घेतला (मागं जाऊन पकड घेतली), घिस्सा डाव कुठं लागला हे बोलत गेलो. तेव्हापासून आसपासच्या गावातनं बोलावणी येतात. कबड्डीला बी जातो.

मार्च 2023 मध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती बघायला गेलो होतो. अंतिम फेरीत आपल्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी येणारा पेपर उघडला. पाहुणे कोण कोण, सत्कार कुणाचा, कोण काय बोललं, हे सगळं ओळीनं. कुस्ती मात्र दोन ओळीत. कुणी आधी गुण घेतला, कुठं पारडं फिरलं, काही नाही. तो पेपर मी अजून ठेवलाय. त्या पोरींनी इतकी वर्षं अंग मोडून मेहनत केली, त्या मेहनतीची नोंद नीट व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि ती करायला मला शिकायचं आहे.

अडचणी अशा:

बारावी झालेली नाही. घरी आई-वडील, बायको, मुलगा बालवाडीत. बायको म्हणते शिका, दुकानाचं बघू. वडील म्हणतात, हातातलं सोडून पळत्याच्या मागं लागू नकोस. वडिलांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. शिवाय मोटरी जळण्याचा सीझन फेब्रुवारी ते मे, आणि यात्रांची मैदानं बी त्याच महिन्यांत.

तर, या वयात कुठनं सुरुवात करावी? पुण्याला जाऊन पूर्ण वेळ शिकावं का इथंच राहून? आणि दुकान बंद करावं का?

---

डेस्कवरचा माणूस

दादा, मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत क्रीडा पान लावतो. सरळ लिहितो.

दुकान बंद करू नका. तालुक्याच्या वार्ताहराला जे मानधन मिळतं त्यावर घर चालत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी बातमीसोबत जाहिराती आणायचीही अपेक्षा असते. तुमच्याकडे दुकान आहे म्हणजे पाहुण्यांची नावं पहिल्या परिच्छेदात घालण्यासाठी कुणी दबाव आणला तर तुम्ही नाही म्हणू शकाल. या धंद्यात ही ताकद फार थोड्यांकडे असते.

द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत सिव्हिल इंजिनिअर होते आणि नोकरी करता करता क्रिकेटवर लिहीत राहिले. उभ्या महाराष्ट्राने त्यांना वाचलं. पोटाचं काम एक आणि लिहिण्याचं दुसरं, हे मराठी क्रीडा लेखनाला नवीन नाही.

तुमच्या त्या पेपरबद्दल. तक्रार खरी आहे, पण असं का होतं तेही कळून घ्या. रात्री पान सोडायची वेळ ठरलेली असते. आयोजकांचं पत्रक टाइप होऊन, फोटोसकट येतं आणि त्यात पाहुणे असतात, कुस्ती नसते. आखाड्याशी बसून लिहिणारा माणूस नसला की डेस्क ते पत्रक कापून लावतं. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला पूर्ण पान मिळवून दिलं आणि कबड्डी, खो-खोला त्यात मानाची जागा दिली. ते पान उभं राहिलं कारण मैदानावरून माहिती आणणारी माणसं त्यांनी जोडली. आज जिल्ह्याच्या पातळीवर तीच जागा रिकामी आहे.

आणि एक सांगतो. तुमची ती वही. जळालेली मोटर उघडल्यावर आधी नोंद, मग दुरुस्ती, ही सवय ज्याला आहे त्याला वार्तांकन शिकवणं सोपं जातं. आमच्याकडे पदवी घेऊन येणारी मुलं बातमी लिहून झाल्यावर गुणफलक शोधत बसतात.

अचूकतेचा एक नमुना देतो, कारण तुमच्या भागातून हा विषय नक्की येणार. गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांवर लिहिताना "भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक" असं लिहिलंत तर मी खूण करून परत पाठवणार. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताकडून धावलेल्या नॉर्मन प्रिचर्डच्या नावावर 2 रौप्यपदकं आहेत. म्हणून 1952 च्या हेलसिंकीचं कांस्य हे "स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक". आणि ते पहिल्याच प्रयत्नात आलं नाही. 1948 च्या लंडनमध्ये ते सहावे आले होते, तिथे मॅटवर खेळावं लागलं आणि त्यांची सवय मातीची. दुसरं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडलं, टेनिसमध्ये लिएंडर पेस. हे आकडे पाठ असले की खाशाबांवरचा लेख आपोआप भाबडा होत नाही.

---

कराडची खो-खोवाली

दादा, मी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकले, त्याआधी खो-खो खेळायचे. शिक्षणाचं मी सांगते.

आधी बारावी. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते, शाळेत बसावं लागत नाही. पण त्याआधी तुमच्या आयटीआयमध्ये जाऊन चौकशी करा, कारण दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता मिळायची सोय आहे. तुम्हाला ती लागू होत असेल तर बराच वेळ वाचेल. लेखी कागद मागा, तोंडी उत्तरावर राहू नका. मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी. ए., दुकान सांभाळून होतं. पदवी हातात आली की पत्रकारितेचे पदवीनंतरचे अभ्यासक्रम कोल्हापूरला विद्यापीठात आहेत, पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.

"क्रीडा माध्यम" असं नाव दिलेले महागडे छोटे कोर्स जाहिरातीत दिसतील. फी भरायच्या आधी तिथून शिकून गेलेल्या दोघा-तिघांना फोन करा आणि सध्या कुठे काम करता एवढंच विचारा. आम्हाला क्रीडा पत्रकारिता असा वेगळा मोठा विषय नव्हता. बातमीलेखन, संपादन, पानाची मांडणी, रेडिओ, माध्यमांचे कायदे, हे सगळं होतं, आणि खेळ मी स्वतः प्रकल्पासाठी निवडला. मला तेच बरं वाटलं. कायदा शिकल्यामुळे कुणाबद्दल काय छापता येतं हे कळलं, आणि डोपिंगच्या किंवा वयचोरीच्या बातमीत त्याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

मी प्रकल्प केला माणच्या धावपटू ललिता बाबरवर. मोही गाव, दुष्काळी भाग. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीत 9:19.76, तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत दहावी. पदक नाही म्हणून सोडून द्यावं असा हा निकाल नाही. 1984 ला पी. टी. उषा धावल्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणारी ही पहिली भारतीय महिला, मधे 32 वर्षं गेली. आम्हाला सरांनी प्रश्न विचारला की दहावा क्रमांक बातमीच्या पहिल्या वाक्यात घालशील की शेवटच्या? त्यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. असा वाद घालायला वर्ग लागतो, दादा. घरी एकट्याने वाचून तो होत नाही. म्हणून डेस्कवरच्या सरांनी पदवीवाल्या मुलांबद्दल लिहिलंय, त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. पदवीनंतर शक्य झालं तर निदान एक वर्ष नियमित वर्गात बसा. तोपर्यंत मुलगाही मोठा झालेला असेल.

वहिनी शिका म्हणतायत ना? मग वडिलांना वेळ द्या.

---

लाइव्हवाला सातारा

भावा, आमचं युनिट आहे. टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डी, बैलगाडा, कुस्ती, सगळं यूट्यूबवर लाइव्ह करतो. तुझ्यासारखा माणूस आम्ही शोधतोय, एकदम खरं बोलतोय.

गावात सामना लाइव्ह करताना पहिली भानगड लाइटची. जनरेटरचं व्होल्टेज वरखाली झालं की स्विचर (कॅमेरे बदलायचं यंत्र) बंद, लॅपटॉप बंद, आणि बघणारी हजारभर माणसं खाली कमेंटमध्ये शिव्या घालतात. वायरमन वेगळा, समालोचक वेगळा आणावा लागतो. दुसरी भानगड गाण्यांची. दोन कुस्त्यांच्या मधे कमिटी सिनेमाची गाणी लावते, ती आपल्या आवाजात येतात आणि कॉपीराइटचा क्लेम बसतो. माइकवाल्यानं ती जागा बोलून भरली पाहिजे. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या मैदानात काय केलं. हे ज्याला तोंडपाठ त्याला आमच्याकडं काम आहे.

शिकायला कॅमेरा, ओबीएस (लाइव्ह करायचं सॉफ्टवेअर), ऑडिओ मिक्सर एवढं धर सुरुवातीला. आणि मॅटवरचे नियम पक्के कर, कारण मातीवरची बरीच निवेदक मंडळी तिथं अडकतात. 3-3 मिनिटांच्या 2 फेऱ्या, फ्रीस्टाइलला 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली, ग्रीको-रोमनला 8. बाहेर ढकलला तर 1 गुण. समान गुण झाले तर कोण जिंकला हे लोक माइकवाल्यालाच विचारतात.

आकाशवाणी सांगलीकडं पण लक्ष ठेव. नैमित्तिक निवेदकांसाठी जाहिरात निघते, लेखी आणि आवाजाची चाचणी असते. उच्चार सुधारतात तिथं.

---

पलूसचा वाइंडर

सगळ्यांचे आभार. ताई, काल आयटीआयमध्ये जाऊन अर्ज दिला, उत्तर लेखी देतो म्हणाले. नाहीच झालं तर 17 नंबर. वडिलांना डेस्कवरच्या सरांची पोस्ट वाचून दाखवली, "दुकान बंद करू नका" इथं त्यांनी मान हलवली. लाइव्हवाले भाऊ, निरोप पाठवलाय. सीझनला दुकानात बसायला मामाचा पोरगा तयार आहे, त्यालाही हाच ट्रेड शिकायचाय.

सर, परवाच्या मैदानातली एक कुस्ती लिहून बघितली. दोघं बी अठराच्या आतली पोरं आहेत म्हणून इथं नावं टाकत नाही.

"यात्रेनिमित्त आयोजित भव्य कुस्ती मैदानात अत्यंत चुरशीच्या व डोळ्यांचे पारणे फेडणाऱ्या लढतीत कुंडलच्या मल्लाने विट्याच्या मल्लावर घिस्सा डावावर नेत्रदीपक विजय मिळवला. सुरुवातीला विट्याच्या मल्लाने आक्रमक खेळ करत पट काढण्याचा प्रयत्न केला. मात्र कुंडलच्या मल्लाने तो परतवून ताबा घेतला."

---

डेस्कवरचा माणूस

नावं टाकली नाहीत ते बरं केलंत. बातमीत टाका, इथे नको.

"भव्य", "अत्यंत चुरशीच्या", "डोळ्यांचे पारणे", "नेत्रदीपक" काढा. हे माइकवर चालतं, कागदावर नाही. "आक्रमक खेळ करत" काढा, पट काढायला गेला म्हणजे आक्रमक झालाच. आता असं वाचा:

"कुंडलच्या मल्लाने विट्याच्या मल्लाला घिस्सा डावावर हरवले. विट्याच्या मल्लाने आधी पट काढण्याचा प्रयत्न केला होता. तो परतवून कुंडलच्या मल्लाने ताबा घेतला."

तीन वाक्यं उरली. आता मला विचारायचं ते विचारतो. पट एकेरी की दुहेरी? परतवला म्हणजे कसा, वरून दाब दिला की बगल काढून मागे गेला? ताबा घेतल्यापासून घिस्सा लागेपर्यंत किती वेळ गेला? विट्याचा पोरगा खाली असताना निसटायचा प्रयत्न करत होता का दमला होता? कुस्ती किती इनामाची, आणि निकाली लावलेली का गुणांवर? तुम्ही आखाड्याच्या कडेला होता, यातलं बरंच तुम्हाला माहीत असणार. जे आठवत नाही ते त्यांच्या वस्तादांना फोन करून विचारा. मग पुन्हा लिहा, दीडशे शब्दांत, आणि रविवारच्या आधी इथेच टाका.