आधारची झेरॉक्स, सिम आणि मेल: तुम्ही काय काय कुलूपबंद केलंय?

सिंहस्थ जवळ आलाय. पंचवटीपासून त्र्यंबकपर्यंत लॉज, होमस्टे, भाड्याच्या खोल्या, सगळीकडे आधारची प्रत मागतील आणि लोक देतीलही. आपली ओळख आपल्याच ताब्यात राहावी म्हणून तुम्ही नेमकं काय करता, ते लिहा. 'सावध राहा' नको. कुठलं बटण, कुठला क्रमांक आणि मध्येच कुठे अडतं, ते हवं.

सेतूवाली ताई, सिडको

मुक्कामाला मास्क्ड आधार पुरतं. मायआधार या आधारच्या सरकारी संकेतस्थळावर ई-आधार उतरवताना मास्क्डचा पर्याय निवडा. पहिले ८ आकडे झाकले जातात, शेवटचे ४ दिसतात. फाइलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली ४ अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. नाव आणि वय माहीत असलेला कुणीही ती उघडेल, त्यामुळे त्या पासवर्डवर विसंबू नका.

खरी गळती झेरॉक्सच्या काउंटरवर होते. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतो, दुकानदार ती संगणकावर उतरवून प्रिंट काढतो. नंतर 'सर्वांसाठी डिलीट' केलं की चॅटमधली जाते. डाउनलोड्समधली तिथेच राहते, तुमच्या आधीच्या पन्नास गिऱ्हाइकांच्या फायलींशेजारी. प्रिंट हातात आली की पैसे देण्याआधी डाउनलोड्स उघडायला लावा आणि शिफ्ट दाबून डिलीट करायला सांगा. नुसतं डिलीट केलं तर रीसायकल बिनमध्ये जाते. दुकानदार कुरकुरतो, पण करतो.

प्रतीवर आडवं, फोटोवरून जाईल असं लिहा: कशासाठी दिली, तारीख, सही. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

बँकमित्र, दिंडोरी

ताई, बरोबर. पण नुसता क्रमांक फुटला तर एक वेळ निभावतं, ठसाही गेला की खरं बिघडतं. आधारवरून पैसे काढायच्या मशीनला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढंच लागतं. ओटीपी येत नाही. जुन्या खरेदीखताच्या प्रतीत क्रमांक आणि अंगठा दोन्ही एकत्र सापडू शकतात. म्हणून आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये किंवा मायआधारवर बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवा.

लॉक केल्यावर रेशनच्या मशीनवर आणि नवीन सिम घेताना अंगठा चालत नाही. एरर कोड ३३० आला तर बोट पुसत बसू नका, मशीन ठीक आहे, लॉक तुमचंच आहे. ओटीपी टाकून तात्पुरतं उघडा. थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा लागतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं इथेच अडतं. आधारला मोबाइल जोडलेलाच नसतो किंवा मुलाचा बंद पडलेला नंबर असतो. आधी आधार केंद्रात तो दुरुस्त करून घ्या, लॉकचं नंतर बघा. मायआधारवर मागच्या ६ महिन्यांत आधार कुठे वापरलं गेलं तेही दिसतं. महिन्यातून एकदा नजर टाका.

पैसे गेलेच तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग बँक.

मोबाइल दुरुस्ती, मेनरोड

सगळे फोनला पॅटर्न लावतात आणि सिम उघडं ठेवतात. रामकुंडावरच्या गर्दीत फोन गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो, ओटीपी तिकडे येतात. सेटिंगमध्ये 'सिम लॉक' शोधा. आधी कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या, अंदाज मारू नका: ३ वेळा चुकलं की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा कोड, मागतं, पीयूके १० वेळा चुकला की सिम कायमचं बाद. सोबत व्हॉट्सअ‍ॅपची ६ आकडी टू-स्टेप पिन लावा आणि लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा.

तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'माझा नंबर नाही' म्हणून कळवा.

नेटवर्कवाला, अंबड

दादांच्या बोलण्यात एक भर. नंबर सोडताना बँक, मेल, आधार या सगळीकडून तो आधी काढा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे. मेलसाठी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा, ते लॉगिनचा कोड फोनमध्येच तयार करतं. गुगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा. त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवून काय फायदा?

द्राक्षवाले, वाइनवाले, होमस्टेवाले यांच्याकडे एक घोळ हमखास आढळतो: डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या खात्यात. तो पुण्याला गेला की नूतनीकरणाची सूचना कुणालाच मिळत नाही. .कॉम हातातून निसटलं आणि दुसऱ्याने घेतलं, तर त्यावरचे तुमचे मेल आणि पासवर्ड रीसेटच्या लिंक त्याच्याकडे जातील. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, तिथे स्वतःच्या नावाने खातं काढा, त्या मुलाकडून ऑथ कोड (डोमेन हलवायचा पासवर्ड) मागा आणि डोमेन तिकडे हलवा. ताजं घेतलेलं .कॉम साधारण ६० दिवस हलत नाही, तेवढं थांबा. त्या खात्याला त्याच डोमेनचा मेल देऊ नका. डोमेन गेलं की खात्यात शिरायचा रस्ताही जाईल.

होमस्टेवाला, त्र्यंबक रोड

देणाऱ्यांचं झालं, आता घेणाऱ्याचं. पाहुण्यांच्या आधारचे फोटो फोनच्या गॅलरीत ठेवू नका. गुगल फोटोजचा बॅकअप चालू असतो आणि ते नोकरांच्या टॅबवरही उघडतात. मूळ कार्ड बघा, आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधल्या स्कॅनरने क्यूआर स्कॅन करा. क्यूआरमधला मजकूर डिजिटल सहीचा असतो, त्यामुळे खाडाखोड लगेच कळते. स्क्रीनवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळलं नाही, तर खोली नाही.